'मिरर रीपर': ८३ मिनिटांचा शोक आणि पाताळयात्रेची जुनी कथा

१/ २० ऑक्टोबर २०१७ रोजी अमेरिकेतील सिअ‍ॅटलच्या 'बेल विच' या दोघांच्या बँडने 'मिरर रीपर' हा अल्बम प्रकाशित केला. गीत एकच, लांबी सुमारे ८३ मिनिटे. एका सीडीत ते मावत नसल्याने दोन तबकड्या कराव्या लागल्या. या दीर्घ शोकगीताचे नाते कोणत्या प्राचीन कथांशी जुळते, ते या थ्रेडमध्ये पाहू.

२/ प्रथम संगीतप्रकार. 'डूम मेटल'चे मूळ १९७० साली पहिला अल्बम काढणाऱ्या बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथकडे जाते. गिटारवादक टोनी आयोमी याने कारखान्यातील अपघातात दोन बोटांची टोके गमावली होती. पुढे तो तारा सैल लावून वाजवू लागला आणि नाद अधिक जड झाला. १९९० च्या दशकात फिनलंडच्या थर्गोथॉनसारख्या बँडनी ही गती अंत्ययात्रेच्या चालीइतकी मंद केली. तोच 'फ्युनरल डूम'.

३/ 'बेल विच' हे नाव टेनेसी राज्यातील एका लोककथेचे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बेल कुटुंबाला एका अदृश्य शक्तीने छळले, अशी ती कथा. डिलन डेस्मंड आणि एड्रियन ग्वेरा यांनी २०१० मध्ये हा बँड स्थापन केला. गिटार नाहीच; सहा तारांचा बेस, ढोल आणि कंठ ही मुख्य सामग्री.

४/ ग्वेरा २०१५ मध्ये बँडमधून बाहेर पडला. त्याच्या जागी जेसी श्राइबमन आला. मे २०१६ मध्ये ग्वेराचा मृत्यू झाला. हाती घेतलेल्या नव्या रचनेचे स्वरूप त्यानंतर पालटले. २०१५ च्या 'फोर फँटम्स' या अल्बमसाठी ध्वनिमुद्रित होऊन न वापरलेला ग्वेराचा आवाज दोघांनी या गीताच्या मध्यभागी ठेवला. मृताच्या शोकगीतात मृत स्वतःच गातो.

५/ रचनेच्या दोन भागांची नावे 'जसे वर' आणि 'तसे खाली' अशा अर्थाची आहेत. हे सूत्र 'पाचूची पाटी' या किमयाशास्त्रीय लेखाचे. त्याची सर्वांत जुनी ज्ञात संहिता आठव्या-नवव्या शतकातील अरबी ग्रंथात आढळते. बाराव्या शतकात ती लॅटिनमध्ये गेली. आपल्याकडे 'पिंडी ते ब्रह्मांडी' म्हणतात, त्याच्या फार जवळचा हा विचार. अल्बमच्या नावातला आरसा येथे उलगडतो: जीवन आणि मृत्यू परस्परांची प्रतिबिंबे.

६/ 'खाली' जाण्याची कथा मात्र याहून कितीतरी प्राचीन. इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या आरंभीच्या सुमेरी मृत्तिकापट्ट्यांत इनान्ना देवी पाताळात उतरते. सात दारांवर तिचे एकेक आभूषण उतरवले जाते आणि अखेरीस तिचे प्रेत होते. ती परतते, पण बदली माणूस देण्याच्या अटीवर. पाताळ आपला हिशेब सोडत नाही.

७/ ग्रीक ऑर्फियस पत्नीला आणण्यासाठी गातगात खाली जातो. त्याच्या संगीताने मृत्यूलोक द्रवतो. इ.स.पू. २९ च्या सुमारास पूर्ण झालेल्या व्हर्जिलच्या 'जॉर्जिक्स' काव्यात तो परतीच्या वाटेवर मागे वळून पाहतो आणि तिला कायमचे गमावतो. संगीताने दार उघडते. माणूस मात्र परत येत नाही.

८/ कठोपनिषदातील नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी थांबतो. कुणालाही परत आणणे हा त्याचा हेतूच नाही. तिसऱ्या वरात तो विचारतो, मृत्यूनंतर मनुष्य असतो की नसतो? यम धन, राज्य, दीर्घायुष्य देऊ करतो. नचिकेता ते नाकारतो आणि ज्ञान घेऊन परततो.

९/ कार्ल युंगने अशा समान प्रतिमांना 'आर्किटाइप' म्हटले. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे सावध असावे. साम्य दिसले म्हणून उगम एकच, असे सिद्ध होत नाही. मृत्यू सर्वत्र आहे, आणि प्रेते पुरणाऱ्या समाजांना 'खाली' ही दिशा सहज सुचते. तिन्ही कथांचे निष्कर्षही भिन्न: एकीत बदला, दुसरीत हानी, तिसरीत ज्ञान.

१०/ मग 'मिरर रीपर'मध्ये नवे काय? १८७७ मध्ये एडिसनने फोनोग्राफ बनवला. पुढच्याच वर्षी त्याने त्याच्या संभाव्य उपयोगांची यादी प्रसिद्ध केली. मरणासन्न व्यक्तींचे अखेरचे शब्द जपणे हा त्यातला एक. ऑर्फियसला जे साधले नाही, त्याचा एक अंश यंत्राने शक्य केला.

११/ पण अंशच. ग्वेराचा आवाज आधीच मुद्रित झालेला. नव्या प्रश्नाला तो उत्तर देऊ शकत नाही. नचिकेत्याशी निदान यम बोलला. येथे मागे राहिलेले मित्र त्या आवाजाभोवती ८३ मिनिटे वाजवत राहतात, आणि तो तेवढेच गातो जेवढे जिवंतपणी गायला होता.

थ्रेड समाप्त.