जोडणीचे तर्कशास्त्र : किर्खॉफ ते चाकण

१/ चाकण म्हटले की इतिहासप्रेमींना १६६० चा वेढा आणि फिरंगोजी नरसाळा आठवतात. आज त्याच परिसरात बजाज, महिंद्रा, फोक्सवागन यांच्या वाहनांची जुळणी होते. समजा, स्प्रिंग एका कारखान्यातून आली, डॅम्पर दुसऱ्यातून. दोन्ही निर्दोष. तरीही जोडल्यावर गाडी कशी वागेल, हे आधी कसे कळावे? #थ्रेड

२/ या प्रश्नाचा पाया विजेच्या अभ्यासात घातला गेला. १८४५ मध्ये, विद्यार्थिदशेतच, गुस्टाफ किर्खॉफ यांनी दोन नियम मांडले. सांध्यात जितका प्रवाह येतो तितकाच बाहेर पडतो. आणि बंद फेरीतील विद्युतदाबांची बेरीज शून्य होते. घटक कोणतेही असोत, हे नियम केवळ त्यांच्या जोडणीविषयी बोलतात.

३/ हे यंत्रांना लावायचे कसे? मॅक्सवेल यांच्या काळापासून बल म्हणजे विद्युतदाब आणि वेग म्हणजे प्रवाह, असे मानण्याची रीत होती. समीकरणे जुळत, पण यंत्रातील समांतर जोडणी विद्युत्-आकृतीत एकसर होई आणि एकसर जोडणी समांतर.

४/ १९३३ मध्ये फ्लॉइड फायरस्टोन यांनी ही जोडी उलटवली. बल घटकातून पार जाते, प्रवाहासारखे. वेग दोन टोकांमध्ये मोजला जातो, विद्युतदाबासारखा. आता जोडणीचे चित्र जसेच्या तसे उतरू लागले : स्प्रिंग म्हणजे इंडक्टर, डॅम्पर म्हणजे रोधक, वस्तुमान म्हणजे कॅपॅसिटर.

५/ एक उणीव मात्र राहिली. कॅपॅसिटरची दोन्ही टोके कुठेही जोडता येतात. वस्तुमानाचा वेग जमिनीच्या संदर्भात मोजावा लागतो. म्हणून त्याचे एक टोक कायम जमिनीला बांधलेले. कोष्टकातील एक घर रिकामेच होते.

६/ १९५९ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत हेन्री पेंटर यांना 'बाँड ग्राफ'ची कल्पना सुचली. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती. विद्युतदाब गुणिले प्रवाह म्हणजेही शक्तीच. त्यामुळे इंजिन, ब्रेकचे तेल आणि बॅटरी एकाच आकृतीत बसू लागली.

७/ ते रिकामे घर २००२ मध्ये केंब्रिजच्या माल्कम स्मिथ यांनी भरले. त्यांचा 'इनर्टर' दोन टोकांमधील सापेक्ष त्वरणाच्या प्रमाणात बल देतो. २००५ मध्ये मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन गाडीने तो बसवून स्पॅनिश ग्रांप्री जिंकली. भाग घडण्यापूर्वी त्याची जागा तर्काने दाखवली होती.

८/ १९९७ मध्ये आलेली 'मॉडेलिका' ही संगणकीय भाषाही सांध्यांवर किर्खॉफचेच नियम लावते. पण प्रतिमानाला ठाऊक असते ती आपण लिहिलेलीच जोडणी. सांध्यातील ढिलाई वा इंजिनची उष्णता लिहायची राहिली, तर उत्तर अचूक दिसते आणि गाडी रस्त्यावर वेगळीच वागते. म्हणून आजही प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी टळलेली नाही.