ग्राफिक्स कार्डाच्या पॉवर कनेक्टरची कुळकथा

ग्राफिक्स कार्डाच्या कडेला सहा किंवा आठ पिनांचा एक काळा कनेक्टर असतो. एसएमपीएसची, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठा पेटीची, केबल त्यात बसते आणि कार्डाला १२ व्होल्टचा पुरवठा मिळतो. कार्डावर सतत हलणारा भाग एकच, पंखा. आणि माणसाच्या हाताने पुन्हापुन्हा काढघाल होणारा भागही एकच, हा कनेक्टर. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेल्या कार्डात म्हणूनच आधी येथे पाहावे लागते.

सुरुवातीच्या कार्डांना असा कनेक्टर नव्हता. आयबीएमचा पीसी १९८१ मध्ये आला तेव्हापासून कार्ड आपली वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच घेत असे, आणि अक्षरे व साधी चित्रे दाखवायला ती पुरत असे. त्रिमितीय खेळांनी हे गणित बिघडवले. इंटेलने १९९६ मध्ये ग्राफिक्स कार्डांसाठी एजीपी हा वेगळा स्लॉट आणला. त्यातून मिळणारी वीज सगळे व्होल्टेज धरून सुमारे ४२ वॉट होती. चारेक वर्षांत तीही अपुरी पडली.

मग कार्ड बनवणाऱ्यांनी हाताशी होता तो कनेक्टर उसना घेतला. हार्डडिस्कला वीज देणारा चार पिनांचा पांढरा कनेक्टर प्रत्येक संगणकात होताच. बाजारात त्याला आजही मोलेक्स म्हणतात. पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि मधल्या दोन काळ्या तारा ग्राउंडच्या, अशी त्याची रचना. २००० मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू५ ५५०० या कार्डावर तो दिसला. त्याच मालिकेतल्या व्हूडू५ ६००० साठी तर भिंतीच्या प्लगला जोडायचा वेगळा अॅडॅप्टर ठरला होता, पण ते कार्ड बाजारात आलेच नाही. एटीआयच्या रेडिऑन ९७०० प्रोने २००२ मध्ये फ्लॉपी ड्राइव्हचा चिमुकला कनेक्टर वापरला. पुढच्या वर्षी एनव्हिडियाचे जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा मोलेक्स घेऊन आले, आणि २००४ च्या जीफोर्स ६८०० अल्ट्राला एक पुरेना म्हणून दोन लावावे लागले.

आजच्या कनेक्टरचे घराणे मात्र मोलेक्सच्या दुसऱ्या शाखेतले आहे. मिनी-फिट ज्युनियर नावाच्या या मालिकेत दोन पिनांमधले अंतर ४.२ मिलिमीटर असते. १९९५ च्या एटीएक्स मानकातला मदरबोर्डचा वीस पिनांचा कनेक्टर याच मालिकेतला. २००० मध्ये पेंटियम ४ साठी प्रोसेसरची वीज ५ व्होल्टऐवजी १२ व्होल्टवरून घेण्याची रीत पडली. तितक्याच वॉटसाठी व्होल्टेज वाढवले की प्रवाह कमी लागतो, तार आणि पीन कमी तापते. ग्राफिक्स कार्डांनीही तोच मार्ग धरला. २००४ मध्ये पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट बाजारात आला. तो स्वतः ७५ वॉट देतो. त्याच्या जोडीला सहा पिनांचा कनेक्टर आणखी ७५ वॉटसाठी ठरला. २००७ च्या रेडिऑन एचडी २९०० एक्सटीवर आठ पिनांचा कनेक्टर दिसू लागला, त्याची मर्यादा १५० वॉट.

येथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. आठ पिनांत १२ व्होल्टच्या पिना तीनच आहेत. सहा पिनांच्या तुलनेत ज्या दोन वाढल्या त्या ग्राउंडच्या बाजूच्या. उरलेल्या पाचांपैकी दोन ‘सेन्स’ पिना असतात; त्या ग्राउंडला जोडल्या गेल्या की कार्डाला कळते की केबल लागली आहे आणि ती किती पिनांची आहे. १५० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर साडेबारा अँपिअर. तो तीन पिनांत वाटला की प्रत्येकीच्या वाट्याला चारपेक्षा थोडा जास्त येतो. चांगल्या मिनी-फिट पिनेला हा भार सहज पेलतो.

तो पेलेनासा होतो संपर्क बिघडल्यावर. पिनेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गावर आणि संपर्काच्या रोधावर अवलंबून असते. घट्ट बसलेल्या संपर्काचा रोध ५ मिलीओहम धरला तर ४.२ अँपिअरला तेथे ०.०९ वॉट उष्णता होते. हाताला जाणवणारही नाही. तोच रोध सैल, काळवंडलेल्या संपर्कात ५० मिलीओहम झाला की उष्णता जवळपास ०.९ वॉट होते, आणि तीही तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत. तापल्याने केबलमधल्या पत्र्याची स्प्रिंग ढिली पडते, धातूवर ऑक्साइड वाढते, रोध आणखी चढतो. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही. नायलॉनचे घर आधी पिवळे, मग तपकिरी होते आणि शेवटी पिनेभोवती वितळते. यात भोवतालच्या हवेचाही वाटा असतो. बुलढाणा जिल्ह्यातच पाहा: बुलढाणा गावाला घाटमाथ्याची हवा आहे, पण मलकापूर, नांदुरा, शेगाव या पूर्णेच्या खोऱ्यातल्या गावांत मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. या कनेक्टरचे प्लास्टिक साधारण १०५ अंशांपर्यंत वापरायचे ठरलेले आहे. खोलीच गरम असेल तर वरच्या वाढीला तेवढी कमी जागा उरते.

सर्वांत अलीकडची पिढी सोळा पिनांची. एनव्हिडियाने २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० व ३०९० च्या स्वतःच्या आवृत्त्यांवर बारा पिनांचा छोटा कनेक्टर दिला. पुढे त्याला चार बारीक सेन्स पिना जोडून मानक झाले, आणि २०२२ मध्ये आरटीएक्स ३०९० टीआयवर ते आले. पिनांमधले अंतर ३ मिलिमीटरवर आले आणि मर्यादा ६०० वॉटवर गेली. म्हणजे सहा पिनांत ५० अँपिअर, एकेकीला आठपेक्षा जास्त. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० विक्रीला आले आणि काही आठवड्यांतच वितळलेल्या कनेक्टरांची छायाचित्रे जगभरातून येऊ लागली. केबल पूर्ण आत न जाणे हे त्याचे एक कारण ठरले. २०२३ च्या सुधारित १२व्ही-२×६ कनेक्टरमध्ये सेन्स पिना आखूड केल्या आणि वीज वाहणाऱ्या पिना किंचित लांब. केबल अर्धवट बसली असेल तर कार्ड पूर्ण भार घेणार नाही, असा त्यामागचा हेतू. इतका प्रवाह इतक्या कमी धातूतून नेण्याचा हा निर्णय मुळातच फार ओढून ताणून घेतलेला होता. आठ पिनांच्या कनेक्टरमध्ये जी ऐसपैस राखीव क्षमता होती, ती येथे उरली नाही.

जुन्या कार्डांच्या बाजाराला भरती आली तीही २०२२ मध्येच. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते ‘खणण्याचा’ धंदा एका दिवसात बंद पडला. रात्रंदिवस चाललेली कार्डे विक्रीला निघाली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस अशा बाजारांतून आणि ऑनलाइन व्यवहारांतून अशी कार्डे लहान गावांपर्यंत जातात. अशा कार्डांत एक ठरावीक इजा आढळते. खाणकामाच्या मांडणीत पुष्कळदा नव्या हार्डडिस्कच्या साटा वीजकेबलवरून सहा पिनांचा अॅडॅप्टर काढलेला असे. साटाच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. एकूण ५४ वॉट. त्यातून ७५ वॉट ओढले की जळणे ठरलेलेच.

दुरुस्तीचे, म्हणजे सोल्डरिंगचे, तंत्र कनेक्टरपेक्षा कितीतरी जुने आहे. सोल्डर म्हणजे मुख्यतः कथील, आणि भांड्यांना कल्हई करणारा कारागीर नवसागराने तांब्यावरचा मळ काढून त्यावर कथील चढवतो. खामगावच्या प्रसिद्ध चांदीकामातही चांदीचा सांधा जोडण्याआधी पृष्ठभागावरचे ऑक्साइड काढावे लागते. सोनारकामात ते टाकणखाराने होते आणि सांधा सहाशे अंशांच्या पुढे वितळणाऱ्या मिश्रधातूचा असतो. सर्किट बोर्डावर हेच काम राळेपासून केलेला फ्लक्स करतो. नवसागर किंवा पत्र्याच्या कामाची आम्लयुक्त पेस्ट येथे अजिबात चालत नाही, कारण तिचे क्लोराइड मागे राहते आणि तांबे खात जाते. कथील ६३ टक्के आणि शिसे ३७ टक्के असलेले सोल्डर १८३ अंशांना वितळते. युरोपने २००६ मध्ये शिशावर निर्बंध आणल्यानंतर कारखान्यात वापरले जाणारे शिसेविरहित सोल्डर मात्र २१७ अंशांच्या पुढे वितळते, आणि कनेक्टर काढताना पहिली अडचण हीच येते.

कामाला हात घालण्यापूर्वी कार्ड संगणकातून काढून मल्टीमीटरने तपासावे. ग्राउंडच्या पिना आणि कार्डाची धातूची पट्टी यांत मीटर वाजला पाहिजे. १२ व्होल्टची पीन आणि ग्राउंड यांत तो वाजला तर बिघाड कनेक्टरचा नाही. आतला मॉस्फेट किंवा कपॅसिटर शॉर्ट आहे, आणि नुसता कनेक्टर बदलून कार्ड जिवंत होणार नाही. संगणक सुरू करताच वीजकेबल जोडण्याची सूचना पडद्यावर येत असेल तर सेन्स पिनेचा सांधा तडकला असण्याची शक्यता मोठी. केवळ केबल अडकवून ठेवणाऱ्या खिट्टीचा दात तुटला असेल तर वीज पोहोचते, पण केबल हळूहळू मागे सरकते. हा दोष किरकोळ समजून सोडला की वर सांगितलेले जळण्याचे चक्र सुरू होते.

कनेक्टर अखंड उपसून काढण्याचा मोह टाळावा. आधी प्लास्टिकचे घर कटरने बोर्डाला धक्का न लावता तुकड्यातुकड्याने कापून काढले की पिना सुट्या होतात आणि एकेक पीन तापवून काढता येते. ग्राउंडच्या पिना बोर्डाच्या आतल्या रुंद तांब्याच्या थरांना जोडलेल्या असतात. सोल्डरिंग आयर्नची उष्णता ते थर शोषून घेतात आणि सोल्डर वितळतच नाही. अशा वेळी टोक जास्त तापवून दाबत राहिले तर भोकाभोवतीची तांब्याची कडी उखडते. बोर्ड खालून शंभर अंशांच्या आसपास तापवावा, जाड टोक वापरावे आणि जुन्या सांध्यात थोडे शिशाचे सोल्डर मिसळावे. सांधा लवकर सुटतो. बिस्मथचे कमी तापमानाला वितळणारे मिश्रण काही कारागीर वापरतात. त्याचा कण न् कण पुसून काढणे आवश्यक आहे, कारण बिस्मथ, शिसे आणि कथील यांचे मिश्रण ९६ अंशांनाच वितळू शकते. भाराखाली तापणाऱ्या कनेक्टरमध्ये असा सांधा घातक.

भोके सकर आणि डिसोल्डर विकने मोकळी करावीत, ड्रिल कधीही फिरवू नये. भोकाच्या आतला तांब्याचा मुलामा हाच वरच्या आणि आतल्या थरांना जोडणारा दुवा असतो. तो गेला की पीन बसूनही वीज आत पोहोचत नाही. बदली कनेक्टर मृत कार्डावरून घ्यावा किंवा नवा आणावा, पण तो ग्राफिक्स कार्डाचाच हवा. प्रोसेसरचा आठ पिनांचा कनेक्टर दिसायला सारखा असला तरी त्यात खिट्टीच्या बाजूला १२ व्होल्ट असतात आणि ग्राफिक्सच्या कनेक्टरमध्ये त्या बाजूला ग्राउंड. घरांचे चौकोनी आणि कोपरे कापलेले आकार वेगळे ठेवले आहेत ते याचसाठी.

नवा कनेक्टर बसवताना आधी एकच पीन झाळावी, कनेक्टर बोर्डाला टेकून सरळ आहे याची खात्री करावी आणि मग बाकीच्या पिना घ्याव्यात. सोल्डर भोकातून पलीकडच्या बाजूला चढलेले दिसले पाहिजे. राहिलेला फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा आणि मीटरची तपासणी पुन्हा करावी. मगच कार्डाला वीज द्यावी आणि अर्धा तास पूर्ण भारावर चालवून कनेक्टरचे तापमान पाहावे. शेजारच्या पिनांत ठळक फरक दिसला तर जास्त तापलेल्या पिनेचा सांधा किंवा केबलची बाजू सदोष आहे.

केबलची बाजू हा दुरुस्तीत सर्वांत जास्त दुर्लक्षिला जाणारा भाग. एकदा तापून ढिली पडलेली केबलमधली स्प्रिंग पूर्ववत होत नाही. ती नव्या कनेक्टरलाही थोड्याच दिवसांत जाळते. म्हणून कार्डावरचा कनेक्टर जळाला असेल तर केबलही बदलावी. मॉड्युलर एसएमपीएस असेल तर केबल त्याच मॉडेलची घ्यावी, कारण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते. आणि जुने कार्ड विकत घेताना चालू स्थितीतल्या व्हिडिओपेक्षा कनेक्टरच्या तोंडाचा जवळून काढलेला फोटो आधी मागावा. घराचा रंग बदललेला असेल किंवा एखादी पीन बाकीच्यांपेक्षा काळसर दिसत असेल, तर कनेक्टर आणि केबल दोन्ही बदलण्याचा खर्च धरूनच किंमत ठरवावी.