टेंभुर्णीहून मोरसला गेलेल्या पूर्वजाचा माग

आपल्याकडे पूर्वीं साखरेस 'मोरस' म्हणत. मॉरिशस बेटांतून येणारी ती मोरस, अशी या शब्दाची उपपत्ति आहे. शब्द घरोघर पोंचला. पण त्या साखरेचा ऊंस लावावयास व तोडावयास इकडून जीं माणसें गेलीं, त्यांचीं नांवें गांवांत उरलीं नाहींत. तीं शोधण्याची निकड आतां समुद्रापलीकडून उत्पन्न झाली आहे. १९६८ सालीं स्वतंत्र झालेल्या त्या देशांतील भारतीय वंशाच्या लोकांस सातव्या पिढीपर्यंत परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचें कार्ड मिळावें, अशी खास तरतूद भारत सरकारनें मार्च २०२४ मध्यें जाहीर केली. कार्डास पुरावा काय लागेल तो लागो. परंतु त्या निमित्तानें वंशज मूळ गांव धुंडूं लागले, आणि चुकीचें गांव एकदां कुळकथेंत शिरलें म्हणजे तें सहसा निघत नाहीं. यासाठीं टेंभुर्णी (तालुका माढा) हें एकच नांव घेऊन पुराव्याची पारख कशी करावी, तें येथें मांडतों.

मॉरिशस इंग्रजांनीं फ्रेंचांकडून १८१० त घेतलें. १८३५ त तेथील गुलामगिरी उठली, आणि मळेवाल्यांना मजुरांची वाण पडूं लागली. तत्पूर्वींच, २ नोव्हेंबर १८३४ रोजीं, कलकत्त्याहून 'अ‍ॅटलास' जहाजानें ३६ मजूर पोर्ट लुईस बंदरीं उतरले होते. फसवणुकीचा बोभाटा झाल्यामुळें ही निर्गत मध्यंतरीं बंद पडली; १८४२ च्या १५ व्या कायद्यानें ती कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून पुनः सुरू झाली. १९१० पर्यंत सुमारें साडेचार लाख माणसें त्या बेटावर गेलीं. त्यांत मुंबईचा वांटा सर्वांत लहान. आणि मराठी भाषिकांत भरणा रत्नागिरीकडील लोकांचा. तिकडील मराठी मंडळींत जाखडी टिकली, ती याचीच साक्ष होय. देशावरून गेलेला मनुष्य या गर्दींत शोधावयाचा, म्हणून अधिक सावधगिरी हवी.

मुख्य साधन तिकडेच आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत आगमनाच्या नोंदवह्या जपून ठेविल्या आहेत. त्यांत मजुराचा अनुक्रमांक, नांव, बापाचें नांव, वय, उंची, जात, अंगावरील खुणा, जिल्हा, परगणा, गांव, जहाज व मळा इतकें सांपडतें. १८६० नंतरच्या दशकांतील कित्येकांची छायाचित्रेंहि आहेत. आरंभीच्या नोंदी त्रोटक आहेत. कारकून बहुधा ऐकेल तें इंग्रजी वळणानें लिही. वय अदमासानें घातलेलें असे. अनुक्रमांक तेवढा भरंवशाचा, कारण लग्न, करार व मृत्यु यांच्या कागदांतून तोच पुढें चालतो.

नांवाचा घोटाळा याहून मोठा आहे. आपल्या चालीप्रमाणें स्वतःचें, बापाचें व आडनांव अशीं तीन नांवें. पण वहींत पहिलीं दोनच राहत, आणि मुलाच्या वेळीं बापाचें नांवच आडनांव होऊन बसे. सखाराम किंवा रामजी हें आज ज्या घराण्याचें आडनांव आहे, त्या घराण्याचें मूळ आडनांव तें नव्हे. म्हणून गांवीं येऊन 'रामजी कोणाचे?' असें विचारणाऱ्यास उत्तर मिळणें शक्य नाहीं. तसेंच जातीच्या रकान्यांत 'मराठा' हा शब्द दिसला तरी तो मुलखावरून पडला कीं जातीवरून, हें ताडून पाहिल्यावांचून मानूं नये.

आतां गांव. टेंभुर्णी हें झाडाचें नांव. जेथें तें झाड होतें तेथें त्या नांवाचें गांव वसलें. एक टेंभुर्णी जालना जिल्ह्यांत जाफराबाद तालुक्यांत आहे, आणि तो मुलूख त्या काळीं निजामाचा होता. पेशवाईअखेरचे कारभारी सदाशिव माणकेश्वर यांच्यामुळें इतिहासांत येणारी टेंभुर्णी ती माढ्याची. पण नांव प्रसिद्ध म्हणून मजूरहि तेथलाच, असें ठरत नाहीं. जिल्हा व परगणा हे दोन्ही रकाने जुळल्याखेरीज आमच्या मतें निर्णय देऊंच नये.

आणखी एक शंका. आगगाडी बार्शी रोडास, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीस, १८५९ त आली. त्यापूर्वीं भीमाकांठचा मनुष्य मुंबईस जाणें म्हणजे इंदापूर, पुणें करीत बोरघाट उतरणें. असा मनुष्य आधीं पुण्यामुंबईस मजुरीस राहिला व तेथून जहाजावर चढला, हेंच अधिक संभवतें. मग त्यानें सांगितलेलें गांव जन्माचें कीं शेवटच्या बिऱ्हाडाचें?

याचें उत्तर इकडील कागदांतच मिळालें तर मिळेल. नव्या मोजणीची सुरुवात भीमेपलीकडे इंदापुरास १८३५-३६ त झाली. त्यानंतर ती सोलापूरच्या तालुक्यांत आली. तिच्या कागदांत खातेदार सांपडतात. त्यांहून जुन्या थळझाड्यांत मिराशींचीं थळें व त्यांवरील घराणीं मांडलेलीं असतात, आणि ज्यांचे धनी परागंदा झाले तीं थळें 'गतकुळ' म्हणून दाखविलेलीं असतात. हे कागद मोडींत आहेत. ते वाचणारे थोडे राहिले. शिवाय जो उपरी होता, ज्याच्या नांवें वावभर जमीन नव्हती, तो तेथें सांपडावयाचा नाहीं. आणि परमुलखांत मजुरीस जाण्याची पाळी अशावरच अधिक येई. त्याच्यासाठीं पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या पाहाव्या. मागें राहिलेला भाऊ वारीस आला असेल तर बापाआज्याचीं नांवें त्यानें तेथें सांगितलीं असतील. मोक्याच्या वहींतील बापाचें नांव, पंढरपूरच्या वहींतील बापाचें नांव व गांव, हीं जुळलीं म्हणजे धागा लागला असें म्हणतां येईल. एकट्या बापाच्या नांवावर मात्र भिस्त ठेवूं नये, कारण तीं नांवें घरोघर तींच.

शोध करणाऱ्यानें टेंभुर्णीवरच थांबूं नये. बाजाराचें मोठें गांव सांगण्याची रीत सर्वत्र आहे, तेव्हां नोंदींतील टेंभुर्णी म्हणजे आसपासची एखादी वाडीहि असेल. १९८० त उजनीचें धरण पुरें झालें आणि भीमाकांठचीं कित्येक गांवें पाण्याखालीं जाऊन लोक नव्या जागीं वसले. त्यांचीं दप्तरें तालुक्यास व जिल्ह्यास पाहावीं. माणसें मात्र पुनर्वसनाच्या नव्या गांवठाणांतच भेटतील.