नाण्याचे वजन आणि इतिहासाची साक्ष : कोसंबींच्या गणिताविषयी

दामोदर धर्मानंद कोसंबी (1907–1966) आम्हा साहित्याच्या अध्यापकांना परिचित असतात ते भर्तृहरीच्या सुभाषितांचे चिकित्सक संपादक म्हणून. इतिहासाच्या अभ्यासकांना ते 1956 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय इतिहासावरील इंग्रजी ग्रंथामुळे ठाऊक असतात. ते व्यवसायाने गणिती होते, ही बाब आपण चरित्रातील एक तपशील म्हणून नोंदवतो आणि पुढे जातो. आमच्या मते हा तपशील नव्हे. त्यांच्या इतिहासदृष्टीचा तो एक पाया आहे.

तक्षशिलेच्या भीर टेकडीवर 1924 साली चांदीच्या आहत नाण्यांचा मोठा साठा सापडला. या कार्षापणांवर राजाचे नाव नाही, सन नाही. आहेत ती केवळ ठोकून उमटवलेली चिन्हे. यांतील आधीची कोणती आणि नंतरची कोणती? पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असताना कोसंबींनी 1940 च्या सुमारास हा प्रश्न वजनाच्या आधारे सोडवू पाहिला. नाणे हातोहाती फिरते आणि झिजते. तेव्हा हलके नाणे ते जुने, असे म्हणता येईल काय?

एकेका नाण्याविषयी तसे म्हणता येत नाही. एखादे नाणे टांकसाळीतूनच किंचित हलके निघालेले असते, दुसरे अधिक हातांतून गेलेले असते. येथे गणितातील ‘संतत यदृच्छ चल’ ही संकल्पना समजून घ्यावी लागते. भर्तृहरीचा एखादा श्लोक किती हस्तलिखितांत आढळतो, हे कोसंबींनी मोजले. ती संख्या एक, दोन, तीन अशी पायरीपायरीने वाढते. नाण्याचे वजनही आपण ‘मोजतो’च; मराठीत क्रियापद एकच आहे. परंतु वजनाला पायऱ्या नसतात. 3.3 आणि 3.4 ग्रॅम यांच्यामध्ये अगणित वजने संभवतात. म्हणून नाण्याचे वजन नेमके 3.35 ग्रॅम, पुढच्या साऱ्या दशांश स्थळांसह तितकेच, असण्याची संभाव्यता शून्य येते. संभाव्यता असते ती पट्ट्याची : ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’.

मग एकेका बिंदूवरील वक्राची उंची काय सांगते? ती सांगते घनता. लोकसंख्येची घनता म्हणजे माणसे नव्हेत. क्षेत्रफळाने गुणल्यावर माणसे मिळतात. तसेच येथेही पट्ट्यावरील वक्राखालचे क्षेत्रफळ म्हणजे संभाव्यता. समजा, सर्व नाणी 3.3 ते 3.4 ग्रॅम यांच्या दरम्यान सारखी पसरली आहेत. पट्ट्याची रुंदी 0.1 आणि एकूण क्षेत्रफळ 1, म्हणून उंची 10 येते. संभाव्यता कधीही 1 हून अधिक नसते. घनता मात्र असू शकते. ‘संभाव्यता घनता फलन’ या जडजंबाळ शब्दामागे एवढाच विचार आहे.

या विचाराला दीर्घ परंपरा आहे. द म्वाव्र यांना 1733 मध्ये घंटेच्या आकाराचा वक्र गवसला, तो नाणेफेकीसारख्या प्रयोगांतील गणतीच्या मागे लागून. गाउस यांनी 1809 मध्ये तोच खगोलीय मापनांतील चुकांना लावला. कोल्मोगोरोव यांनी 1933 मध्ये संभाव्यतेला स्वयंसिद्धांची बैठक दिली. कोसंबींनी हा वक्र नाण्यांच्या झिजेकडे नेला.

त्यांनी प्रथम आपल्या काळातील चलनी नाणी प्रयोगशाळेच्या तराजूवर तोलून पाहिली. टांकसाळीतून नव्याने निघालेल्या नाण्यांचा वक्र अरुंद आणि उंच असतो. वापराच्या वर्षांबरोबर सरासरी वजन घटते, वक्र डावीकडे सरकतो. आणि झीज सर्वांची सारखी होत नसल्याने तो पसरतोही. क्षेत्रफळ 1 च राहावयाचे असल्यामुळे पसरलेला वक्र बुटका होतो. हीच कसोटी त्यांनी तक्षशिलेच्या नाण्यांच्या गटांना लावली. नाण्याच्या मागील बाजूवरची चिन्हे जसजशी वाढतात, तसतसे सरासरी वजन उतरते, असे दिसून आले. ती चिन्हे चलनात असताना ठरावीक काळाने केलेल्या तपासणीची असावीत, असे अनुमान त्यांनी काढले.

या पद्धतीला मर्यादा आहेत. दोन गटांचे मूळ प्रमाण निराळे असेल, जड नाणी कोणी वेचून वितळवली असतील, मातीतील क्षारांनी वा नंतरच्या साफसफाईने वजन बदलले असेल, तर क्रम चुकू शकतो. पुढील नाणेशास्त्रज्ञांनी कोसंबींच्या निष्कर्षांवर आक्षेप घेतले, ते योग्यच झाले. मात्र आक्षेप घेता यावेत, इतके स्पष्ट गृहीतक त्यांनी मांडले होते, हे विसरता येत नाही.

साहित्येतिहासात आपण कालिदासाचे अमुक शतक की तमुक, यावर हिरिरीने वाद घालतो आणि एखाद्या उल्लेखाच्या बळावर निकाल देतो. तो उल्लेख किती रुंद काळपट्ट्यात बसू शकतो आणि त्या पट्ट्यात कोठे दाट, कोठे विरळ शक्यता आहे, हे मात्र क्वचितच विचारतो. कोसंबींनी एकट्या नाण्याला त्याचे वय विचारले नाही. गटाला विचारले, आणि उत्तर किती सैल आहे याचाही हिशेब ठेवला. वर्गात त्यांचे भर्तृहरी-संपादन शिकवताना हा हिशेबही विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.