परवलीचा शब्द आणि किल्ली : दूरस्थ कोड-भांडारांतील ओळखीचा इतिहास

बायबलाच्या जुन्या करारातील ‘शास्ते’ या ग्रंथात एक प्रसंग आला आहे. यार्देन नदीच्या उतारावर गिलादी सैनिक पलीकडे जाऊ पाहणाऱ्यास ‘शिब्बोलेथ’ हा शब्द उच्चारावयास सांगत. एफ्राइमी मनुष्याच्या तोंडी ‘सिब्बोलेथ’ असा उच्चार येई आणि तो ओळखला जाई. ध्वनिभेदाचे उदाहरण म्हणून हा दाखला भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हा शब्द गुप्त नव्हता. विचारणारा स्वतःच तो सांगत असे. परीक्षा होती ती माहितीची नव्हे, तर क्षमतेची. याउलट पहारेकऱ्यास सांगावयाचा परवलीचा शब्द एकदा उच्चारला की ऐकणाऱ्याच्याही मालकीचा होतो. संगणकावर ओळख पटविण्याच्या पद्धतींचा इतिहास म्हणजे पहिल्याकडून दुसऱ्याकडे नव्हे, तर दुसऱ्या प्रकाराकडून पहिल्याकडे झालेला प्रवास होय. दूरच्या कोड-भांडारांच्या संदर्भात हा प्रवास कसा झाला, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. कोड-भांडार, म्हणजेच रिपॉझिटरी, म्हणजे प्रोग्रॅमची संहिता तिच्यातील प्रत्येक फेरफाराच्या नोंदीसह जेथे जतन केली जाते ते स्थान.

पासवर्डचा प्रारंभ सामान्यतः मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कोर्बातो यांच्या नेतृत्वाखाली १९६१ साली दाखविण्यात आलेल्या कालविभाजन-प्रणालीपासून मानतात. एकाच यंत्रावर अनेकांचे काम चाले. म्हणून प्रत्येकाच्या फाइली निराळ्या राखणे प्राप्त होते. १९६२ मध्येच ॲलन शेर या संशोधकाने, यंत्रावर अधिक वेळ मिळावा म्हणून, सर्वांच्या पासवर्डांची फाइल छापून घेतली. सांगितलेले गुपित ऐकणाऱ्याकडे साठते, हा या पद्धतीतील दोष अशा रीतीने जन्मतःच प्रकट झाला. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या आपल्या निबंधात, पासवर्ड मूळ रूपात न साठविता त्याचे उलट न फिरविता येणारे रूपांतर साठविण्याच्या पद्धतीचे विवेचन केले. साठवणीचा प्रश्न त्याने सौम्य झाला; वाटेतील गळतीचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

संगणक नेटवर्कने जोडले गेले तेव्हा हा दुसरा प्रश्न तीव्र झाला. १९८३ च्या बर्कले युनिक्समधील ‘आरएसएच’ या साधनाने दूरच्या यंत्रावर कमांड चालविता येई. परंतु समोरच्या यंत्राच्या नावावर विश्वास ठेवणे हाच तेथे पुरावा ठरे. डिक ग्रून यांनी १९८६ मध्ये आरंभिलेल्या ‘सीव्हीएस’ या आवृत्ती-व्यवस्थापन प्रणालीला पुढे पासवर्डाने दूरस्थ प्रवेश देण्याची सोय जोडण्यात आली. हा पासवर्ड वापरणाऱ्याच्या यंत्रावर किरकोळ अक्षरबदल करून साठविला जाई, आणि हा बदल सहज उलटविता येतो याची कबुली त्या प्रणालीची पुस्तिकाच देत असे. नेटवर्कवर कान लावून बसलेल्यास हे कुलूप नसल्यासारखेच होते.

असा कान लावल्याची घटना १९९५ साली हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर घडली. तेथील संशोधक तातू इलोनेन यांनी त्याच वर्षी ‘एसएसएच’ ही प्रणाली लिहून मुक्तपणे प्रसिद्ध केली. तिच्यामागील तत्त्व व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडले होते : किल्ल्यांची जोडी असावी, एक सर्वांना द्यावी, दुसरी कोणासही देऊ नये. इलोनेन यांच्या प्रणालीची पुढील, आज रूढ असलेली आवृत्ती घेतली तर तिच्यात कमांड लाइनवरून जोडणी करताना दोन्ही यंत्रे त्या वेळेपुरती एक नवी संख्या निष्पन्न करतात. वापरणाऱ्याचे यंत्र त्या संख्येसह असलेल्या मजकुरावर खाजगी किल्लीने सही करते. आणि सर्व्हर ती सही सार्वजनिक किल्लीने पडताळतो. खाजगी किल्ली यंत्राबाहेर जात नाही. कोणी ती सही टिपून ठेवली तरी पुढील जोडणीस संख्या निराळी असल्याने तिचा उपयोग होत नाही. हा शिब्बोलेथचाच न्याय होय : प्रश्न उघड, उत्तर उघड, गुप्त राहते ती केवळ उत्तर देण्याची क्षमता.

तथापि चांगली पद्धत आली म्हणून जुनी नाहीशी झाली असे घडले नाही. लिनस तोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये निर्माण केलेल्या ‘गिट’ने एसएसएच आणि एचटीटीपीएस हे दोन्ही मार्ग चालू ठेवले, दुसऱ्या मार्गाने पासवर्ड देता येई. याचा परिणाम २८ मार्च २०२१ रोजी ‘पीएचपी’ या भाषेच्या भांडारात दिसून आला. तेथे घातक मजकुराचे दोन फेरफार दाखल झाले. एकावर रासमुस लेरडॉर्फ यांचे, तर दुसऱ्यावर निकिता पोपोव्ह यांचे नाव होते. दोघेही त्या भाषेचे मान्यवर रचनाकार. दोघांनीही ते लिहिले नव्हते. मजकूर काही तासांतच काढून टाकण्यात आला. चौकशीअंती असे आढळले की, हे फेरफार किल्लीच्या दाराने नव्हे, तर पासवर्डाच्या दाराने आले होते. आणि हे दुसरे दार उघडे असल्याची पोपोव्ह यांना स्वतःलाही कल्पना नव्हती.

गिटहब या सेवेने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणे बंद केले. एचटीटीपीएसच्या मार्गाने येणाऱ्यास त्याऐवजी टोकन द्यावे लागते. टोकन हेही सांगावयाचेच गुपित आहे, हे विसरता कामा नये. मात्र त्याचा अधिकार व मुदत मर्यादित करता येते आणि ते गळाले तर एकटे रद्द करता येते. खाजगी किल्लीही काही आपोआप सुरक्षित नसते. २४ मार्च २०२३ रोजी याच सेवेला आपल्या सर्व्हरची आरएसए किल्ली बदलावी लागली, कारण तिचा खाजगी भाग अल्पकाळ एका सार्वजनिक भांडारात उघडा पडला होता. ओळख दुहेरी असते, सर्व्हरनेही आपण कोण हे सिद्ध करावयाचे असते, हे तेव्हा पडद्यावर इशारा पाहणाऱ्या अनेकांच्या प्रथमच लक्षात आले असेल.

पीएचपीच्या प्रकरणातून निघणारा एक मुद्दा आपल्या अभ्यासक्षेत्राला विशेष जवळचा आहे. गिटमध्ये फेरफारावरील कर्त्याचे नाव वापरणारा स्वतःच लिहितो. दारावरील तपासणीशी त्याचा संबंध नसतो. संतकवींच्या अभंगांतील नाममुद्रेची स्थिती हीच आहे. मुद्रा आहे म्हणून रचना त्या कवीची, असे आपण मानीत नाही. प्रक्षेपाची शंका घेऊन पोथ्या ताडून पाहतो. गिटमध्ये फेरफारावर स्वतंत्र सही करण्याची सोय २०१२ पासून आहे, आणि २०२१ च्या अखेरीपासून त्यासाठी एसएसएचची किल्लीही चालते. जो संशोधक आपले भाषिक नमुने अथवा संपादित पाठ अशा भांडारात ठेवू इच्छितो, त्याने आत कोण आला आणि लिहिले कोणी, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. पहिल्याचे उत्तर सर्व्हर त्या क्षणापुरते घेतो. दुसऱ्याचे उत्तर मजकुराबरोबर पुढच्या वाचकापर्यंत पोहोचावे लागते. पाठचिकित्सकास हा भेद नवा नाही. आता तो आपल्या स्वतःच्या लेखनालाही लावावयाचा, इतकेच.