ईसीयूचं फर्मवेअर अपडेट करताय? आधी या तीन फाइल्स समजून घ्या

फोनवर अपडेटची नोटिफिकेशन आली की आपण काय करतो? चार्जिंगला लावतो, इन्स्टॉल दाबतो आणि झोपतो. सकाळी फोन नवा, फोटो जागेवर, सगळं ठीक. हीच सवय मी इंजिनाच्या ईसीयूला लावली आणि एक स्टार्टर मोटर फोडून बसलो. तुम्ही ती चूक करू नये म्हणून हा लेख.

आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जुन्या मारुती 800 चं 796 सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन स्टँडवर बसवलेलं आहे. त्याचा कार्ब्युरेटर काढून आम्ही इंजेक्टर लावले आणि ते चालवायला स्पीडुइनो वापरलं. ऑस्ट्रेलियाच्या जॉश स्टुअर्टने सुरू केलेला हा ओपन सोर्स ईसीयू आहे. त्याचा मेंदू म्हणजे आपला ओळखीचा आर्डुइनो मेगा 2560. लॅपटॉपवरून त्याच्या सेटिंग्ज बदलायला ट्यूनरस्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर लागतं.

तीन वेगळ्या गोष्टी, ज्यांना आपण एकच समजतो

1. फर्मवेअर: ईसीयूच्या आत चालणारा प्रोग्राम. मेगाच्या 256 केबी फ्लॅश मेमरीत हा बसतो. स्पीडुइनोच्या आवृत्त्यांची नावं वर्ष आणि महिन्यावरून असतात. म्हणजे 202305 ही 2023 च्या मे महिन्यातली आवृत्ती.

2. ट्यून: तुमच्या इंजिनासाठी भरलेले आकडे. किती पेट्रोल, स्पार्क कधी, रेव्ह लिमिट किती, वगैरे. हे 4 केबीच्या ईईपीरॉममध्ये राहतात. लॅपटॉपवर सेव्ह केलं की त्याची एमएसक्यू फाइल होते.

3. डेफिनिशन फाइल: हिचं एक्स्टेन्शन आयएनआय. ईसीयूच्या मेमरीत कुठल्या जागी काय ठेवलंय, हे ट्यूनरस्टुडिओला सांगणारा हा नकाशा. बहुतेक जण हिलाच विसरतात. मीही विसरलो.

फर्मवेअर फ्लॅश केलं तरी ईईपीरॉम पुसलं जात नाही. फोन अपडेट झाल्यावर फोटो राहतात ना, तसंच. त्यामुळे "अरे, ट्यून तर आहे की!" असं वाटतं आणि आपण निर्धास्त होतो. गोंधळ इथूनच सुरू होतो.

55 म्हणजे नेमकं काय?

ईसीयूच्या मेमरीत नावं नसतात, फक्त आकडे असतात. समजा एका जागी 55 लिहिलंय. ती जागा पेट्रोलच्या व्हीई टेबलमधली असेल तर अर्थ 55 टक्के. स्पार्कच्या टेबलमधली असेल तर त्यातून 40 वजा करायचे, म्हणजे 15 अंश अॅडव्हान्स. टेबलच्या आरपीएमच्या रांगेत असेल तर गुणिले 100, म्हणजे 5500 आरपीएम.

आकडा एकच, अर्थ तीन! कुठला अर्थ घ्यायचा हे डेफिनिशन फाइल ठरवते.

आता नवीन फर्मवेअरमध्ये एखादं फीचर वाढलं की त्याच्या सेटिंगला जागा लागते, आणि काही वेळा आधीचे आकडे इकडून तिकडे सरकतात. फर्मवेअरला नवी मांडणी माहीत असते. पण लॅपटॉपवरचा नकाशा जुनाच असेल, तर ट्यूनरस्टुडिओ एका खोलीचं सामान दुसऱ्या खोलीत टाकायला लागतं.

आमचं काय झालं?

दुसऱ्या दिवशी सरांना डेमो द्यायचा होता. रात्री साडेनऊला मी फर्मवेअर फ्लॅश केलं, दोन मिनिटांत झालं. ट्यूनरस्टुडिओ जोडल्यावर इशारा आला की ईसीयूची सही प्रोजेक्टशी जुळत नाही. सही म्हणजे आवृत्तीचं नाव, ते दोन्हीकडे सारखं असावं लागतं. मित्र म्हणाला, "कर रे पुढे, दरवेळी काहीतरी येतंच." मी पुढे गेलो.

पेट्रोलचं टेबल नेहमीसारखं दिसत होतं, म्हणून बाकीची पानं उघडून पाहिलीच नाहीत. दोन-चार आकडे बदलले, बर्न दाबलं आणि स्टार्टर मारला. इंजिनाने एकदाच उलटा झटका मारला, कडकन आवाज आला. स्पार्क फार आधी पडला होता. पिस्टन वर येत असतानाच स्फोट झाला आणि क्रँक उलटा ढकलला गेला. स्टार्टरच्या पुढच्या भागाला तडा. डेमो रद्द. मित्राचा हात त्या वेळी फ्लायव्हीलपासून वीतभर लांब होता, त्याची आठवण अजून अंगावर येते.

दोष ना सॉफ्टवेअरचा, ना बोर्डचा. इशारा स्पष्ट होता, आम्ही तो वाचला नाही.

अपडेट करण्याचा बरोबर क्रम

1. आधी बॅकअप. जुन्या फर्मवेअरवर असतानाच ट्यून सेव्ह करा आणि फाइलच्या नावात आवृत्ती लिहा. जुनी आयएनआय फाइलही त्याच फोल्डरमध्ये ठेवा. लक्षात घ्या, तापमान सेन्सरचं कॅलिब्रेशन एमएसक्यू फाइलमध्ये येत नाही. ते आकडे वेगळे लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढला तरी चालेल.

2. बदलांची यादी वाचा. प्रत्येक आवृत्तीसोबत काय बदललं ते दिलेलं असतं. तुमच्या उपयोगाचं काही नसेल आणि इंजिन नीट चालत असेल, तर अपडेट न करणं हाही योग्य निर्णय आहे.

3. कॉइल आणि इंजेक्टरचा 12 व्होल्ट पुरवठा काढा. फ्लॅशिंगच्या वेळी प्रोग्राम चालू नसतो, तेव्हा कॉइल नको तेव्हा चालू राहून तापू शकते. बोर्डला यूएसबीची वीज पुरते. लॅपटॉप मात्र चार्ज केलेला हवा.

4. फ्लॅश करा. स्पीडीलोडर हे मोफत सॉफ्टवेअर फर्मवेअर उतरवून बोर्डवर टाकतं आणि त्याच आवृत्तीची आयएनआय फाइलही देतं. दोन्ही एकाच वेळी घ्या.

5. प्रोजेक्टमध्ये नवी आयएनआय फाइल लावा. कनेक्ट करण्याच्या आधी. फोनवरचं डॅशबोर्ड अॅप डेफिनिशन फाइल वापरत असेल तर तिथेही बदला.

6. फरक दाखवला तर ईसीयूची बाजू निवडा. नवीन फर्मवेअर पहिल्यांदा चालू होताना ईईपीरॉममधली जुनी ट्यून स्वतःच नव्या मांडणीत आणतं. मधल्या दोन-तीन आवृत्त्या सुटल्या असतील तरी ते एकेक पायरी चढत येतं. लॅपटॉपवरची जुनी ट्यून त्यावर घाईने पाठवलीत तर ही मेहनत वाया जाऊ शकते.

7. इंजिन चालू न करता तपासा. शीतकाचं तापमान खोलीइतकं दिसतंय का? अॅक्सिलरेटर दाबल्यावर थ्रॉटल 0 ते 100 जातो का? मॅप सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो का? मुंबईत तो साधारण 100 किलोपास्कल असतो. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच, तिथे 95 च्या आसपास दिसेल. सिलेंडरची संख्या, ट्रिगर अँगल आणि रेव्ह लिमिट बॅकअपशी ताडून पाहा.

8. टायमिंग लाइट लावा. कॉइलचा पुरवठा परत जोडा, इंजेक्टर बंदच ठेवा. ट्यूनरस्टुडिओमध्ये क्रँकिंग अॅडव्हान्सचा अँगल किती आहे ते पाहा, समजा 10 अंश, आणि स्टार्टर मारा. पुलीवरच्या खुणेवर लाइट 10 अंशच दाखवत असेल तर स्क्रीन आणि इंजिन एकच भाषा बोलतायत. हे काम पाच मिनिटांचं आहे. आम्ही केलं असतं तर स्टार्टर वाचला असता.

परत जुन्या आवृत्तीवर जायचं असेल तर?

जाता येतं, पण ट्यूनचं रूपांतर फक्त पुढच्या दिशेने होतं, मागे नाही. म्हणून जुनं फर्मवेअर, जुनी आयएनआय आणि जुनी एमएसक्यू असा पूर्ण संच एकत्र परत टाकावा लागतो. पहिली पायरी गाळली असेल तर इथे अडकाल.

फ्लॅशिंग मध्येच थांबलं तर?

मेगामध्ये बूटलोडर वेगळ्या जागी असतो, त्यामुळे बहुतेक वेळा केबल परत लावून पुन्हा फ्लॅश करता येतं. कंपनीने बसवलेल्या ईसीयूचं तसं नाही. तिथे ओबीडी पोर्टमधून लिहीत असताना बॅटरी बसली तर ईसीयू निकामी होऊ शकतो. म्हणूनच जाणकार ट्यूनर फ्लॅश करताना बॅटरीला स्थिर पुरवठा लावून ठेवतात.

एक गोष्ट आणखी. आमचं इंजिन स्टँडवर आहे, रस्त्यावर नाही. रोजच्या गाडीचा ईसीयू बदललात तर वॉरंटी, पीयूसी आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 या तिन्हींचा विचार आधी करा. हे कलम गाडीतल्या बदलांविषयीच आहे.

आता आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर एक कागद चिकटवलाय: "फर्मवेअर, आयएनआय, ट्यून. तिन्हींची आवृत्ती एक, मगच चावी." तडा गेलेला स्टार्टर त्याच्याच खाली टांगलाय. नवीन ज्युनिअर आला की आधी तो दाखवतो, मग लॅपटॉप हातात देतो.