किल्ल्यावरचा मावळा आणि पडद्यावरचा वीर

दिवाळी आली कीं हिंजवडीच्या आयटी पार्काभोंवतालच्या नव्या वसाहतींतूनहि मुलें दगडमातीचे किल्ले रचितात. माथ्यावर शिवाजी महाराजांची मूर्ति बसते, बुरुजांवर मातीचे मावळे उभे राहतात. ते मावळे पुढील वर्षासाठीं जपून ठेवावयाचे व त्यांत नव्याची भर घालावयाची, ही हौस महाराष्ट्रास नवी नाहीं. मूर्ति आणि खेळ यांच्या या नात्यास यंत्राची जोड मिळाली ती परदेशांत, आणि तिचा इतिहास एका तपाहून थोडाच अधिक आहे.

२०११ सालच्या आक्टोबरांत अमेरिकेंतील ॲक्टिव्हिजन कंपनीनें ‘स्कायलँडर्स’ हा व्हिडिओ खेळ बाजारांत आणिला. प्लास्टिकची लहानशी मूर्ति एका प्रकाशमान बैठकीवर ठेवितांच तोच वीर पडद्यावर अवतरे. यांतील मर्म मूर्तीच्या तळाशीं बसविलेल्या चिपेंत होतें. तिला स्वतःची बॅटरी नसे. बैठकींतून निघणाऱ्या रेडिओ-लहरींवरच ती जागी होई व आपली ओळख सांगे. कचेरीच्या दाराशीं टेकविण्याचें ओळखपत्र याच तत्त्वावर चालतें. शिवाय वीरानें मिळविलेलें बळ व धन चिपेंतच नोंदलें जाई. त्यामुळें मूर्ति मित्राच्या घरीं नेली, तर सारी कमाई तिच्याबरोबर जाई.

हें यश पाहून २०१३ सालीं डिस्नेनें ‘इन्फिनिटी’, २०१४ सालीं निन्टेन्डोनें ‘अमीबो’ आणि २०१५ सालीं ‘लेगो डायमेन्शन्स’ हे संच निघाले. यांपैकीं निन्टेन्डो ही कंपनी १८८९ सालीं क्योटो येथें ‘हानाफुडा’ नांवाचे पत्ते करण्यासाठीं निघालेली. सावंतवाडीच्या गंजिफांची आठवण व्हावी असा तिचा उगम!

परंतु नवा वीर हवा तर नवी मूर्ति विकत घ्यावी लागे. घरांतील फळ्या भरल्या आणि हौसेस ओहोटी लागली. २०१६ च्या मे महिन्यांत डिस्नेनें आपला खेळ बंद केला. त्यापायीं तिनें १४ कोटी ७० लाख डॉलरांचा बोजा हिशेबांत दाखविला. लेगोनें २०१७ सालीं तोच मार्ग धरिला. अमीबो मात्र टिकली, कारण तिची एकच मूर्ति अनेक खेळांत चालते आणि तिच्यावांचून खेळ अडून राहत नाहीं.

बाकीच्या मूर्तींचें आयुष्य परस्वाधीन आहे. जुनें यंत्र, तो खेळ व ती बैठक शाबूत आहेत तोंवर त्या जाग्या होतात. एक जरी निकामी झालें, तरी त्या मुक्या होतात. खेळण्याचा प्राण कोणाच्या हातीं असावा, याचा विचार विकत घेणाऱ्या पालकांनीं अवश्य करावा. मातीच्या मावळ्याचा हात मोडला, तरी मुलें त्याला जखमी शिपाई ठरवून पुढच्या दिवाळींत तटावर उभा करितात.